यादीमास्तरांच्या मुलीचं सामान

यादीमास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नव्हतं. परदेशी जाणाऱ्यांचं घरसामान बांधून जहाजाने पाठवणाऱ्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं यादी करत होते, एवढंच. पण हातात कागद अडकवलेली फळी घेऊन ते एखाद्याच्या बैठकीत उभे राहिले, की घरमालक आपोआप ताठ बसायचा. म्हणून सामान बांधणाऱ्यांनीच त्यांना मास्तर करून टाकलं.

काम सरळ होतं. प्रत्येक वस्तू बांधण्याआधी बघायची, तिला नंबर द्यायचा आणि ती कशा अवस्थेत आहे ते लिहायचं. टेबल, डावा पाय ओरखडलेला. आरसा, खालच्या कोपऱ्यात केसाएवढा तडा. हे लिहावंच लागतं, कारण सामान पलीकडे पोचलं की लोक जुनाच टवका दाखवून कंपनीच्या नावाने गळा काढतात. मास्तरांची तर खात्रीच होती की सामान हलवायला निघालेला माणूस खोटं बोलतोच. एका बाईंनी बुटांच्या आत तेलाच्या बाटल्या दडवल्या होत्या. एका प्राध्यापकांच्या ‘फक्त पुस्तकं’ लिहिलेल्या खोक्यातून कुंडीसकट जिवंत झाड निघालं होतं. “झाड!” मास्तर अजूनही सांगायचे. “आणि वर मलाच विचारतो, हे कुठून आलं बुवा?”

आता एकतीस वर्षं लोकांच्या कपाटांत डोकावल्यावर तो स्वभाव संध्याकाळी ऑफिसात ठेवून घरी येता येतं होय? बायको होती तोवर ती हसण्यावारी न्यायची. “माझ्यावरही नंबर चिकटवा आणि लिहा, डावा गुडघा दुखरा,” म्हणायची. ती जाऊन चार वर्षं झाली. मागे राहिली एकुलती एक मुलगी. तिने लग्नाचं ठरवलं तेव्हा मास्तरांनी तीन दिवस होणाऱ्या जावयाच्या ऑफिससमोर उभं राहून रखवालदाराकडे चौकशा केल्या. रखवालदाराने ते जावयालाच जाऊन सांगितलं. जावई म्हणायचा, मी ते केव्हाच विसरलो. मास्तरांचा त्यावरही विश्वास नव्हता.

तर त्याच जावयाची परदेशी बदली झाली. दोन वर्षं, मग परत. मुलीने सांगितलं तेव्हा, दोन वर्षं म्हणजे काय, डोळे मिटून उघडले की संपतील, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली. आणि म्हणाले, “यादी मी करणार.”

“कशाला बाबा? ऑफिसातलं दुसरं कुणीतरी...”

“दुसरं कुणी कशाला? मी काय मेलोय?”

त्या सकाळी ते दोघा बांधणाऱ्यांना घेऊन मुलीच्या घरी पोचले. मुलीने चहा पुढे केला. मास्तरांनी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आधी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली. बैठकीच्या खोलीत परत आले तेव्हा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

कारण असं, की घर हलवताना सामानाचे तीन ढीग होतात. न्यायचं, ठेवायचं आणि देऊन टाकायचं. दोन वर्षांसाठी जाणाऱ्यांचा ठेवायचा ढीग सगळ्यात मोठा असतो. फ्रीज भावाकडे, गाद्या मावशीकडे, कपाट शेजाऱ्यांच्या गच्चीखालच्या खोलीत. या घरात ठेवायचा ढीगच नव्हता. गाद्या देऊन टाकायच्या, फ्रीज देऊन टाकायचा. आणि न्यायच्या ढिगात, मुलीच्या पहिलीपासूनच्या प्रगतिपुस्तकांच्या शेजारी, तिच्या आईचं पायाने चालवायचं शिवणाचं मशीन.

“हे दोन वर्षांसाठी कशाला?” मास्तरांनी विचारलं.

“असू दे हो बाबा. लागतं कधीतरी.”

“वजन ठाऊक आहे का याचं?”

“तुमच्या माणसांना उचलायचंय, तुम्हाला नाही,” मुलगी म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मास्तरांनी लिहिलं, शिवणाचं मशीन, चाकाजवळ रंग उडालेला. रंग बायकोच्या हाताने उडाला होता. पण यादीत तसं लिहायची सोय नसते.

मग त्यांनी जावयावर नजर ठेवली. जावई गॅलरीत फोनवर बोलत होता आणि मास्तर जवळ गेले की आवाज खाली आणत होता. त्याच्या बगलेत एक निळी फाइल होती. ती तो बाथरूममध्ये जातानाही बरोबर घेऊन गेला. आता बाथरूममध्ये फाइल! मास्तरांच्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. बदलीबिदली नाही, हा कायमचा चाललाय. पोरीला ताकास तूर लागू दिलेली नाही. दोन वर्षांनी म्हणेल, आता इथेच राहू. ती रडेल, पण तोवर इकडे उरलेलं काय असणार? ना गादी, ना कपाट. आणि आपण? आपण रविवारी कुणाकडे जायचं?

बांधणाऱ्यांपैकी थोरला मास्तरांना वीस वर्षं ओळखत होता. काचेची भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता तो हळूच म्हणाला, “मास्तर, लेकीचं घर आहे. जरा दमानं घ्या.”

“तू टेप मार.”

दुपारपर्यंत त्रेसष्ट खोकी झाली. मग आला जकातीसाठी भरायचा घोषणापत्राचा कागद. त्यावर मालकाचं नाव, सामान तात्पुरतं चाललंय की कायमचं, आणि खाली सह्या. मुलीने तो भरून मास्तरांच्या हातात दिला. ‘तात्पुरतं’समोर खूण होती. पण मालकाच्या रकान्यात जावयाचं नाव नव्हतं. मुलीचं होतं.

मास्तरांना घामच फुटला. म्हणजे उद्या काही लफडं झालं तर अडकणार माझी पोरगी, आणि हे महाशय नामानिराळे! काय पण डोकं!

“जावईबापू,” ते म्हणाले, “बदली तुमची आणि सामान हिच्या नावावर, हे कसं काय? ती फाइल द्या इकडे. नोकरीचं पत्र जोडल्याशिवाय कागद पुढे जात नाही.”

“ऑफिसात परस्पर देऊ की, बाबा,” मुलगी घाईघाईने म्हणाली.

“यादी मी केलीय. पत्र मी बघणार.”

जावयाने बगलेतली फाइल मुलीच्या हातात दिली. “दे आता,” तो म्हणाला. “मी पहिल्यापासून सांगतोय, त्यांना सांगून टाक.”

मुलीने फाइल उघडली, पत्र काढलं आणि चष्मा शोधत बसलेल्या वडिलांच्या मांडीवर ठेवलं. पत्र एका मोठ्या रुग्णालयाचं होतं. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत मुख्य तंत्रज्ञ. नाव मुलीचं. नेमणूक कायम.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग जावयाकडे बघून म्हणाले, “यानेच तुला भरीला घातलं.”

“नाही बाबा. याला इथली नोकरी सोडावी लागली. माझ्यासाठी. तिकडे जाऊन शोधणार आहे.”

“मग बदली, दोन वर्षं, हे सगळं?”

“मी रचलं. खूण पण मीच खोटी केली. उद्या ऑफिसात जाऊन बदलून घेणार होते.” मुलगी जमिनीवरच बसली, दोन खोक्यांच्या मध्ये. “पत्र आलं ना, तेव्हा सगळ्यात आधी तुम्हाला फोन लावला होता. दोनदा वाजला आणि मी ठेवून दिला. तुम्ही आनंदी झाला असता, ठाऊक आहे मला. पण त्याआधी तुम्ही विचारलं असतं, तुलाच का घेतलं, आधीचा माणूस का सोडून गेला, तिथल्या कुणाला ओळखतेस का. मला एक दिवस, फक्त एक दिवस, नुसतं खूश राहायचं होतं.”

मास्तरांना फार लागलं. जावयाने काही केलं असतं तर भांडता आलं असतं. इथे भांडायचं कुणाशी? ती रविवारी येणार नव्हती, दोन वर्षांनीही नाही. आणि तिने हे लपवलं ते कुणाच्या भीतीने, तर त्यांच्या. ओठावर खरोखरच प्रश्न येऊन उभे होते. पगार किती, करार किती वर्षांचा, राहायला कुठे. ते गिळता गिळता एक निसटलाच.

“पत्र त्यांचंच आहे ना पण? नाही म्हणजे, हल्ली कुणीही छापतं...”

मुलगी रडता रडता हसली. जावयालाही हसू आवरेना. मास्तर खजील झाले, चष्मा काढून पुसू लागले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “मुख्य तंत्रज्ञ. तुझी आई असती तर अख्ख्या गल्लीला सांगून आली असती.”

थोरल्याने टेप खाली ठेवली आणि दुसऱ्याला घेऊन पाणी प्यायला बाहेर गेला.

मास्तरांनी कागद पुन्हा समोर घेतला. ‘तात्पुरतं’ची खूण घेऊन हे सामान निघालं असतं, तर पलीकडच्या बंदरात पत्राशी जुळलं नसतं आणि दोन-दोन महिने तिथेच पडून राहिलं असतं. पोरीने एवढी जोखीम घेतली होती, ती कशासाठी, तर यादी करताना बापाने तो शब्द वाचू नये म्हणून. उद्या ऑफिसात कुणीतरी गुपचूप कागद बदलला असता आणि मास्तरांना कळलंही नसतं.

त्यांनी पट्टी लावून ‘तात्पुरतं’वर सरळ रेघ मारली. ‘कायमचं’समोर खूण केली. खूण बरोबर चौकटीच्या आत आली.

“इथे शेजारी सही लागेल,” ते म्हणाले. “खोडलं की मालकाची सही लागते. आणि यादी करणाऱ्याची.”

“द्या,” मुलगी म्हणाली आणि पेनासाठी हात पुढे केला.

एकतीस वर्षांत मास्तरांनी ग्राहकाच्या आधी कधी सही केली नव्हती. आधी त्यांची घ्यायची, नीट बघायची, मग आपली करायची. त्यांनी पेन तिला दिलं नाही. आधी स्वतःची सही केली, पूर्ण नावानिशी, आणि मग कागद आणि पेन दोन्ही तिच्या हातात ठेवलं.