मावशींच्या तोंडून गेलेलं

कोर्टासमोरच्या एवढ्याशा खोलीत बसून मावशींनी तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. काम सोडलं तरी बोटं स्वस्थ बसेनात. चर्चच्या भगिनी मंडळाने निर्वासित कुटुंबांसाठी जुने कपडे गोळा करायचं ठरवलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, कपड्यांचं तुम्ही बघा, मला त्यांचे कागद द्या. बायका हसल्या. पण कपड्यांचा ढीग हॉलमध्ये तसाच पडून राहिला आणि मावशींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रांग लागली.

त्या रांगेत एक गणिताची शिक्षिका होती. पदरात दोन मुली, राहायला एक खोली आणि लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायचं काम. इथली भाषा ती छावणीत शिकली होती. मोजकं बोलायची, पण चुकायची नाही. सीमेवरच्या कारकुनाने घाईघाईत तिच्या थोरलीचं वय तीन वर्षांनी वाढवून ठेवलं होतं. शाळा म्हणे मुलगी सातवीच्या वयाची, आणि पोर तर जेमतेम चौथीची.

मावशींनी तिच्याबरोबर कचेरीचे सहा हेलपाटे घातले. खिडकीतला माणूस "उद्या या" म्हणाला की मावशी पिशवीतून लोकर काढून समोरच्याच बाकावर विणायला बसत. उद्यापर्यंत आम्ही इथेच आहोत, असं त्याला शांतपणे सांगत. पाचव्या खेपेला त्याने मुकाट्याने फाईल शोधून काढली.

बाकावर बसून बसून बोलणं वाढत गेलं. एकदा शिक्षिकेने सांगितलं, वाटेत सैनिकांनी तिच्या नवऱ्याला गाडीतून उतरवून नेलं. त्यानंतर काही कळलेलं नाही. मुली तेव्हा झोपेत होत्या. बाबा मागाहून येणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात प्रार्थनासभेत चर्चच्या पाळकबाईंनी विचारलं, कुणासाठी विनंती आहे का? मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायकांनी डोळे पुसले, मनापासून प्रार्थना केली. त्यात खोटं काही नव्हतं. पण शनिवारी थोरली हॉलमध्ये स्वेटर निवडायला आली, तेव्हा पाळकबाईंनी मायेने तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, तुझ्या बाबांना देव त्या सैनिकांच्या हातून नक्की सोडवील. पोर स्वेटर तिथेच टाकून घरी पळाली.

शिक्षिका यायची बंद झाली. चार दिवसांनी काय घडलं ते मावशींच्या कानावर आलं. त्या तडक तिच्या खोलीवर गेल्या. शिक्षिकेने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"तुम्ही देवाला सांगितलं असतं तर चाललं असतं," ती म्हणाली. "देव पुढे कुणाला सांगत नाही."

हेतू चांगला होता, हे वाक्य मावशींच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "ते तुझं होतं, मी वाटून टाकलं."

मग शिक्षिकेने विचारलं, "मंगळवारचा अर्ज टाइप झालाय का?"

"झालाय."

"मग कचेरीत या."

मंगळवारी शिक्का बसला आणि थोरली चौथीत गेली. नवऱ्याचं जे काही माहीत होतं, ते शिक्षिकेने स्वतः दोन्ही मुलींना जवळ बसवून सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस धाकटी आईला सोडून झोपत नव्हती.

पुढच्या सभेत मावशींनी आपली चूक उभं राहून कबूल केली. इथून पुढे विनंती करायची ती नाव आणि हकिगत न सांगता, असं मंडळात ठरलं. तिसऱ्या दिवशी पाळकबाईंनी मावशींना विचारलं, कचेरीत बसायला आणखी कुणी लागतं का? आता चौघी आळीपाळीने जातात.

शिक्षिका अजूनही मावशींकडे कागद घेऊन येते. हसते, मुलींच्या अभ्यासाचं सांगते. नवऱ्याचा विषय मात्र काढत नाही, आणि मावशीही विचारत नाहीत.