दत्तारामची नजर

दत्ताराम मूळचा कुडपणचा. महाडला आमच्या शाळेत तो प्रयोगशाळेचं काम बघायचा. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, तक्ते रंगवायचे. त्याचं अक्षर फार देखणं. आसपासच्या किती तरी देवळांच्या पाट्या त्याच्या हातच्या. पण वीस वर्षांत त्याने मनाचं असं एकही चित्र काढलं नव्हतं. पुस्तकात असेल ते जसंच्या तसं मोठं करून द्यायचा.

शहाण्णव साली पोलादपूरला विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या विज्ञानाच्या विनोदिनीबाईंनी विषय घेतला तो दूरच्या एका ताऱ्याभोवती आदल्या वर्षी सापडलेल्या ग्रहाचा.

"बाई, नमुना द्या," दत्ताराम म्हणाला.

"नमुना नाही. तो कोणी पाहिलेलाच नाही. त्याच्या ओढीने तारा किंचित डुलतो, त्यावरून कळलं. डावीकडे मी सांगते ते लिहा. उजवीकडे तो कसा असेल ते तुम्हीच काढा."

अंतर, पन्नास प्रकाशवर्षे. वस्तुमान, निदान गुरूच्या निम्म्याच्या आसपास. तापमान, हजार अंश. वर्ष, सव्वाचार दिवसांचं.

"म्हंजे शिमग्याचा रंग निघाय नाय, तर परत शिमगा!"

बाई खूप हसल्या.

पुढचे तीन शनिवार तो दुपारी घरी गेला नाही. त्याने आभाळभर तारा काढला. खाली जमीन नव्हतीच. तापलेल्या लोखंडाच्या रंगाचे ढग होते, सगळे एका अंगाला लवलेले. कुडपणच्या सड्यावरचं, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरचं गवत वाऱ्याने लवतं तसे. कोपऱ्यात त्याने बारीक अक्षरात आपलं नाव घातलं. पाट्यांवर तो कधी नाव घालत नसे.

अलिबागहून आलेले परीक्षक तक्त्यासमोर थांबले.

"उजवीकडचं कुठून घेतलं?"

"मनातनं, साहेब."

"विज्ञानात मनातलं चालत नाही. तेवढा भाग कागद लावून झाका."

कागद आणि टाचण्या दत्तारामच्याच हातात होत्या. ते त्याचंच काम. त्याने कागद उलगडला आणि थांबला.

"झाकतो, साहेब. एक विचारू? आमच्या गावात भाताची आणेवारी करतात, पीक किती येईल त्याचा अंदाज. आधी बांधावर उभं राहून, नुसतं बघून. भात कापून वजन करायचं ते मागनं. पण पयला आकडापण कागदावर चढतो, कारण वर लिवलेलं असतं, नजर आणेवारी. इथं तसं लिवलं तर?"

परीक्षकांनी मान डोलावली. त्यांच्या घरीही भातशेती असावी.

"लिहा. पण मोठ्या अक्षरात."

दत्तारामने रंग कालवला. डावीकडे वर 'मोजणी' लिहिलं, उजवीकडे 'नजर'. मग तापमानाच्या ओळीशी कुंचला अडला.

"बाई, हे कुणी मोजलं?"

"मोजलं नाही हो. ताऱ्यापासूनच्या अंतरावरून हिशेब केला."

"मंग हे इकडं कसं?" म्हणत त्याने ती ओळ रंगाने बुजवली आणि चित्राखाली लिहिली.

"आता मला पण तपासाल तुम्ही," परीक्षक हसत पुढे गेले.

बक्षीस मिळालं नाही. तक्ता मात्र प्रदर्शनाचे तीनही दिवस उघडा राहिला, आणि दत्ताराम त्याच्याजवळून हलला नाही. कोणी चित्राकडे बोट दाखवलं की विचारायच्या आधीच सांगायचा, "ती नजर हाय. मोजणी नाय झाली अजून."