राजकारणमुक्त
निवडणूक जवळ आली तसं आमच्या तरुण मंडळाने ठरवलं, पुढाऱ्यांना गावबंदी करायची. पत्रकाचा मजकूर माझ्याकडे आला. ‘आमचे गाव राजकारणमुक्त आहे’ हे पहिलं वाक्य लिहिताना अंगात नुसती आग होती. त्या वयात मला राजकारण म्हणजे घाण वाटायची.

आबा, म्हणजे माझे वडील, धरणगावच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत तारेत ओवून ठेवायची, ही तिथली रीत. त्या प्रतींवरच मी वाचायला शिकलो. मी मजकूर छापायला नेला, तेव्हा तो वाचून आबांनी तारेतून एक पिवळा पडलेला कागद सोडवला. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या संपाच्या वेळी मालकांनी छापून घेतलेला. ‘कामगारांनी राजकारणमुक्त राहावे.’

“हाऊ शब्द आपला गावमा त्यासनी आना,” आबा म्हणाले. “त्यासनाजोडे पैसा, सत्ता, बठ्ठं व्हतं. त्यासले कसाले लागी राजकारण?”

मी चिडलो. मालकाच्या तोंडी आला म्हणून शब्द बाटतो का? हट्टाने तसंच छापून घेतलं.

चावडीच्या भिंतीला पत्रक डकवत होतो, तेव्हा बौद्ध वस्तीतल्या अक्का थांबल्या. त्या जिनिंगमध्ये मजुरीला जायच्या. “काय लिखेल शे, वाच बरं भाऊ.” मी ठसक्यात वाचलं.

“हातपंपना अर्ज सरपंचले दिधा, तीन उन्हाळा व्हयनात,” त्या म्हणाल्या. “पुढारी मत मांगाले येस, तवयच आमनं कोनी ऐकस. तुम्ही त्यालेच आडावतस. करा गाव बंद. आमनी वस्ती ते कवयनीच बंद शे.”

मी उरलेली पत्रकं गुंडाळली. ती घेऊन तसाच घरी आलो. 

दोन दिवसांनी एका पुढाऱ्याची जीप आली. मंडळातले आम्ही चौघे वेशीवर दोर ताणून उभे. अक्का अर्ज घेऊन आल्या आणि माझ्याच टोकापाशी थांबल्या. मी दोर सोडला.

“कितला पैसामा इकाना रे?” मित्राने सगळ्यांदेखत विचारलं.

पुढाऱ्याने अर्ज घेतला, न वाचताच खिशात घातला. अक्कांनी जीपचं दार धरलं. “आठेच, आमनासमोर वाचा, साहेब.”

इंजिन सुरूच होतं. त्याने चुळबुळत कागद पुन्हा बाहेर काढला. तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो अक्कांनी दार सोडलं नाही.