सुऱ्याला लावलेलं कुंकू

पांढरा सूट कोण धुतं, हे ऐंशीच्या दशकातल्या त्या रुबाबदार गुन्हेगारी सिनेमांनी कधी दाखवलं नाही. गुजरातेतल्या आमच्या घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, तो आई धुवायची, नीळ घालून. सूट माझ्या मोठ्या भावाचा. दादा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. आठवडाभर ग्रीसने काळा आणि रविवारी तो सूट घालून सिनेमातला स्मगलर.

पोळात भाड्याचा व्हिडिओ यायचा. पडद्यावर काचेची टेबलं, बर्फाचे ग्लास आणि जिन्यावरून सावकाश उतरणारा पांढऱ्या सूटमधला तो. समोर माणूस मेला तरी त्याच्या सिगारेटची राख पडायची नाही. दिग्दर्शकाला गुन्ह्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला जिना आवडायचा. आम्हालाही आवडायचा, म्हणून तर आज इतका राग येतो.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. दसऱ्याला पणजोबांची तलवार पाटावर मांडायची, झेंडू वाहायचा, एवढंच त्यातलं उरलेलं. एका दसऱ्याला दादाने तलवारीशेजारी स्वतःचा रामपुरी सुरा ठेवला. मला वाटलं, बाबा थोबाडीत देतील. पण त्यांची छाती फुगली. "घरात परत शस्त्र आलं," म्हणाले आणि त्यालाही कुंकू लावलं. आई आत गेली.

पुढे दादा पाणीगेटच्या एका माणसासाठी स्कूटरवरून दारू पोचवू लागला. दारूबंदीच्या गुजरातेत बर्फाचे ग्लास कुठले, टायरच्या ट्यूबमध्ये भरलेला उग्र वासाचा माल. एकदा गिऱ्हाइकाशी बाचाबाची झाली आणि दादाने अगदी सिनेमातल्यासारखा सावकाश सुरा काढला. समोरच्याने घाई केली. लोखंडी पाइप दादाच्या उजव्या हातावर बसला. सिनेमात असल्या जखमेवर नायिका ओढणी फाडून बांधते आणि पुढच्या गाण्यात नायक नाचतो. दादाची बोटं पुन्हा मिटली नाहीत. फिटरचं काम गेलं, वर्कशॉपने त्याला फाटकाशी बसवलं.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि तेच सिनेमे परत घरात शिरले. जाणकार आता त्यांच्या प्रकाशयोजनेचं कौतुक करतात. ते वाचलं की माझं डोकं फिरतं. मी माहेरी गेले की दादा म्हणतो, "आवाज वाढव ने, आता तो जिन्यावरून येतोय."

बाबा गेल्यावर दसऱ्याची पूजा दादाकडे आली. त्याच्या बोटांत कुंकवाची चिमूट ठरत नाही, म्हणून वहिनी लावते. गेल्या दसऱ्याला त्याने तो सुरा शोधून पाटावर ठेवला. वहिनीने तलवारीला कुंकू लावलं आणि करंडा बंद केला.

"याला राहिलं," दादा म्हणाला.

"त्याला बाबांनी लावलंय," वहिनी म्हणाली. "तेवढं पुरे झालं."

भिंतीवरच्या बाबांच्या फोटोला सकाळपासून हार घातलेला नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. हार ताटात तसाच होता. मीही घातला नाही.