धुळीची ऊब

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — आणि नलूला तर नाहीच.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. बाबांची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली आणि मी तिथल्या एका संस्थेत भौतिकशास्त्राच्या संशोधनाला लागले. शेजारच्या टेबलावर नलू. जन्मापासून कलकत्त्यातल्याच भवानीपूरची, मराठी बोलता बोलता बंगालीत घसरायची. आमचे मार्गदर्शक सर तिला लाडानं ‘मा’ म्हणायचे, बंगालीत लेकीला म्हणतात तसं. मला मात्र ‘मिस दामले’. हसाल तुम्ही — पण जळायला एवढं पुरतं.

काही दीर्घिका डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाहून कितीतरी जास्त अवरक्त, म्हणजे उबेचा न दिसणारा प्रकाश टाकतात, हे तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं. का, यावर वाद होता. नलू म्हणाली, तिथे नवे तारे जन्मताहेत. त्यांचा प्रकाश भोवतालची धूळ गिळते, तापते, आणि तीच ऊब बाहेर टाकते. “तवा खाली उतरवला तरी हाताला धग लागतेच ना गं?” इतकं साधं! मला का नाही सुचलं? तिचं कौतुक करताना माझा जीव नुसता जळत होता.

सरांनी तिचं काम दिल्लीच्या परिषदेला पाठवायचं ठरवलं. उपकरणं माझ्याकडे, म्हणून सगळ्यांसमोर मला विचारलं — ज्यावर ती विसंबली आहे ती परदेशातली मोजमापं भरवशाची ना?

होती. तिथले लोक आधी दीर्घिकेकडे बघतात, मग शेजारच्या मोकळ्या आकाशाकडे, आणि वजाबाकी करतात. दुर्बिणीची स्वतःची ऊब त्यात निघून जाते. मला हे पक्कं ठाऊक होतं. नलू आणि सर दोघंही कागद-पेन्सिलवाले, या बाबतीत माझ्या शब्दावर चालणारे.

मी म्हणाले, “दुर्बिणीचीच ऊब असणार, सर.”

कुणीतरी हसलं. दिल्लीला मी गेले. नलूनं तो विषयच सोडला, पुढे कलकत्त्याजवळच्या बजबज गावी शाळेत शिकवू लागली. आणि ती धूळच होती — बाहेरच्यांनी दाखवून दिलं, नावं त्यांची झाली.

गोंधळले होते का मी? घाबरले होते? छे. ती माझ्यापुढे जायला नको होती, बस.

सरांना मी ते सांगितलं त्याच संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर नलूनं माझा हात धरला. “बरं झालं गं, वेळेवर बोललीस. दिल्लीत हसं झालं असतं माझं.” आणि डब्यात उरलेला एक संदेश, तिकडची छेन्याची मिठाई, माझ्या हातावर ठेवला.

नव्या गुळाचा होता. मी तो तिथेच, तिच्यासमोर खाल्ला.