मंगळूच्या राबावरचा पूल

संध्याकाळी कामावरून आला की मंगळू सरळ घरात शिरत नाही. ओट्याखाली एक चपटा दगड आहे, त्यावर बसतो. त्याची बायको तानुबाई चुलीतली राख आणि तांब्याभर पाणी आणून ठेवते. मंगळू राखेनं हात चोळतो, पार कोपरापर्यंत. मग हात नाकाशी नेतो, आणि पुन्हा राख घेतो. आमच्या पाड्यात हे सगळ्यांनी पाहिलं आहे. सोळा वर्षांत कोणी त्याला कारण विचारलं नाही. दिवसभर कष्ट करून आलेला माणूस हात धुतो, यात विचारायचं काय?

त्र्यंबकच्या रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. भात आणि नागली पिकवणारी माणसं आम्ही. मंगळूची जमीन थोडी, पण घराला लागून जो राब आहे, तसा पाड्यात दुसरा नाही. राब म्हणजे भाताची रोपं तयार करायची जागा. उन्हाळ्यात तिथं शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवत थरावर थर लावून वर माती टाकायची आणि सावकाश भाजायचं. पाऊस आला की त्या काळ्या भुशीत, म्हणजे राखमिसळल्या मातीत, बी टाकायचं. रोपं पोपटाच्या पिसासारखी वर येतात. मग ती उपटून खाचरात आवणी करायची. मंगळूचा बाप तिथंच राब भाजायचा, आज्याही तिथंच. ती माती हातात घेतली तर पिठासारखी बोटांतून गळते.

मंगळू धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर कामाला. कोणी विचारलं तर सांगायचा, "पाण्यावर हाय." असं सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं धरणाची किल्ली याच्या कमरेला आहे. खरं काम असं, की रिसॉर्टच्या पोहायच्या तलावातली घाण काढायची.

ते पाणी निळं असतं असं लोकांना वाटतं. पाणी निळं नसतं, तळाची फरशी निळी असते. पाणी कसं असतं ते सोमवारी सकाळी कळतं. शनिवार-रविवार शंभर-दीडशे माणसं त्यात बुडून गेलेली असतात. अंगाचं तेल, घाम, तोंडाला लावलेली मलमं यांचा तवंग कडेच्या फरशीला चिकटून बसतो. बोट फिरवलं तर बोटाला लागतो. भिंतीत एक जाळीची टोपली असते, पाण्यावरचं सगळं वाहून तिच्यात जमतं. मंगळू ती उपसतो. केसांचे गुंतवळे, दोरखंडासारखे पिळलेले. जखमेवरच्या पट्ट्या, आत पिवळे डाग पडलेल्या. चघळून टाकलेलं च्युइंगम. गुटख्याच्या पुड्या. लहान मुलांचे लंगोट, पाणी पिऊन मेलेल्या बेडकासारखे फुगलेले. हे सगळं हातानं काढायचं आणि मग वर पांढरी पावडर मारायची, की झालं पाणी शुद्ध. त्या पावडरीनं मंगळूच्या बोटांची सालं निघतात. तिचा वास राखेनंही जात नाही.

घरी मात्र त्यानं यातलं अक्षर सांगितलं नाही. अभिमानी माणूस. उलट नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शनिवारी पहाटे तो मुलाला घेऊन गेला होता. मयूर तेव्हा आठ वर्षांचा. माणसं यायची होती, पाणी काचेसारखं स्थिर होतं. मयूर काठावर पाय सोडून बसला आणि म्हणाला, "बाबा, एवढं पाणी कोणाचं?"

"माझ्या हातातलं हाय," मंगळू म्हणाला.

चूक झाली ती तिथं. त्यानं पोराला शनिवारचं पाणी दाखवलं, सोमवारचं नाही.

मयूर आता चोवीस वर्षांचा आहे. लग्न झालंय, आशा त्याची बायको. नाशिक स्टेशनवरून माणसं त्र्यंबकला नेण्या-आणण्याची गाडी चालवतो. दर्शन झालं की गाडीतली माणसं विचारतात, इथं कुठं राहायची जागा आहे का, आणि लगेच दुसरा प्रश्न, पूल आहे का, म्हणजे पोहायचा तलाव. हे ऐकून ऐकून मयूरच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. घराला दोन खोल्या काढायच्या, आणि पुढं पूल.

फाल्गुन संपताना तो राज नावाच्या माणसाला घेऊन आला. राज शहरातल्या बंगल्यांना पूल बसवून देतो. पांढरे बूट, हातात टेप. अंगण पाहिलं, परसू पाहिलं, आणि राबावर येऊन थांबला.

"हीच जागा. सपाट आहे, ऊन आहे, समोर डोंगर. फोटो काय येतील काका."

"तो आमचा राब हाय," तानुबाई म्हणाली.

"रिकामाच दिसतोय मावशी."

"चूलबी रात्री रिकामीच दिसते. म्हणून कोणी तिच्यात बसत नाय."

राज हसला. बूट घालून राबात उतरला आणि पांढऱ्या फक्कीनं चौकोन आखला, चोवीस फूट बाय बारा. मंगळू ओट्यावरून पाहत होता. त्या बुटांखाली बापाची माती दबत होती.

"किती पाणी लागंल?" त्यानं विचारलं.

"पस्तीस हजार लिटर. पण एकदाच भरायचं. वर्षभर बदलायला नको. औषध मारत राहायचं."

"वर्षभर तेच पाणी."

"तेच. काही होत नाही."

"माहीत हाय मला काय होतं ते," मंगळू म्हणाला.

जमीन मंगळूच्या नावावर, त्यामुळं हो म्हणायचं ते त्यानंच. राजनं सांगितलं, पुढच्या बुधवारी जेसीबी पाठवतो, तोवर ठरवा. तो गेल्यावर मयूर बापाजवळ येऊन बसला.

"बाबा, तुम्ही नाय म्हणाले तर मी भांडणार नाय. पण मग मी आशाला घेऊन सातपूरला जातो. मित्र कंपनीत चिकटवतो म्हणाला. इथं राहून नुसती गाडी किती दिवस फिरवू?"

मंगळू काही बोलला नाही. आमच्याकडं म्हातारा माणूस गप्प राहिला की होकार धरतात. मयूरनं होकार धरला.

तानुबाईनं धरला नाही. तिनं जेवताना विचारलं, "पोरगं जाईल म्हणून गप हाय का? का तुमालाबी दारात तळं पाहिजे? सोळा वरीस त्याच पाण्याचं कौतुक ऐकते मी."

मंगळूच्या हातात घास होता. त्यानं तो ताटात ठेवला. बोटांना वास येत होता. राखेनं तीनदा धुतलेल्या बोटांना. तो तसाच उठला.

सोमवारी पहाटे त्यानं मयूरला उठवलं. "चल. माझं काम बघ."

दोघं रिसॉर्टवर पोचले तेव्हा पाण्यावर कोणाची तरी टोपी तरंगत होती, आणि खोल बाजूला तळाशी काहीतरी पिवळट पसरलं होतं. रात्री कोणी पिऊन ओकलं होतं. मंगळूनं लांब दांड्याची जाळी मुलाच्या हातात दिली नाही. तो टोपलीपाशी गेला, झाकण काढलं आणि म्हणाला, "हात घाल."

मयूरनं हात घातला. वर आला तेव्हा मनगटाला केसांचा गोळा वेटोळं घालून बसला होता, त्यात एक पट्टी आणि कुणाच्या पायाच्या नखाचा तुकडा. मयूरनं तोंड फिरवलं. मंगळू वाट पाहत राहिला. सोळा वर्षं जे सांगितलं नव्हतं, ते आज न बोलता सांगून झालं होतं.

"हे रोज?"

"सोमवारी जास्ती."

"कधी बोलला नाय तुम्ही."

"काय बोलू? तू काठावर बसून हसत होता."

मयूरनं नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले, वास घेतला. बापासारखाच. मंगळूला वाटलं, झालं, पोरगं वळलं. मग मयूर पँटीला हात पुसत म्हणाला, "पण बाबा, आपला पूल छोटा राहील. एवढी घाण नाय व्हायची. आणि त्याला बाहेरचा माणूस लावायची गरज नाय. तुम्ही हाय ना."

मयूरनं हे वाईट मनानं म्हटलं नव्हतं. बापाचं हातचं कौशल्य घरी वापरू, एवढाच त्याचा हिशेब. पण मंगळूनं मला पुढं सांगितलं, की सोळा वर्षांत त्या टोपलीतून जे निघालं त्यानं त्याला एवढी शिसारी आली नव्हती. परक्याची घाण परक्याच्या दारात काढायची आणि घरी येऊन दगडावर बसायचं, ही वाट तरी होती. आता दगडासमोरच ती टोपली येणार होती. हात धुऊन जायचं कुठं?

मंगळवारी तो कामावर गेला नाही. मयूर गाडी घेऊन पहाटेच गेला होता. बांधावर तानुबाईनं माघापासून शेणाच्या गोवऱ्या आणि तोडलेले टहाळ रचून ठेवले होते. मंगळूनं ते राबात ओढायला सुरुवात केली. आधी गोवऱ्या, मग टहाळ, मग पाला, मग गवत. तानुबाई आली, पाहिलं, काही न विचारता घमेल्यानं माती टाकू लागली. थोड्या वेळानं आशाही पदर खोचून आली.

"तू नको, पोरी," तानुबाई म्हणाली. "नवरा चिडंल."

"राब भाजला नाय तर आवणी कशाची करायची?" आशा म्हणाली. "चिडू द्या."

दिवस कलेपर्यंत फक्कीचा चौकोन थरांखाली गेला.

भाजलेल्या राबात बी पडेपर्यंत कोणी पाय ठेवत नाही. आमच्या पाड्यात तो रिवाज आहे. पोरंसुद्धा चेंडू आत गेला तर काठीनं ओढून घेतात. राब पेटवला की त्या जागेचं पावसापर्यंत काही करता येत नाही, हे मयूरला कोणी शिकवायची गरज नव्हती.

बुधवारी वारा मंद होता. मंगळूनं वाऱ्याच्या उलट बाजूनं चूड लावली, म्हणजे आग धावत नाही, मुरते. जेसीबी पाड्यात शिरला तेव्हा राबातून धूर निघत होता, जाड आणि सावकाश. मयूर त्याच्या पुढं आपल्या गाडीत होता. उतरला. धुराकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं.

"तोंडानं सांगायचं ना बाबा."

"आता सांगतो. माझ्या दारात ते पाणी नको."

"मग मी जातो."

"जा," मंगळू म्हणाला. "आवणीला ये."

जेसीबीवाला बांधावर बसून चहा प्याला. मग जेसीबी वळवून घ्यायला राबाच्या काठावर येऊ लागला, पण तानुबाईनं हात आडवा केला. तो मागच्या मागं निघून गेला. पुढच्या रविवारी मयूर आणि आशा सातपूरला गेली. मयूरनं सामान गाडीत टाकलं. आशानं जाताना राबाच्या काठावरूनच वाकून चिमूटभर भुशी पदराच्या टोकाला बांधली.

आवणीला मयूर येईल की नाही, मला माहीत नाही. मंगळू अजून रिसॉर्टवर जातो. पोट आहे, जावंच लागतं. पण आता कोणी विचारलं तर पाण्यावर आहे असं सांगत नाही. "लोकांची घाण काढतो," म्हणतो, आणि ऐकणाराच मान खाली घालतो.

त्या बुधवारी संध्याकाळी मात्र तो दगडावर बसला तेव्हा तानुबाईनं राख आणली. त्यानं हात नाकाशी नेले. हाताला धुराचा वास होता, शेणाचा, जळलेल्या पाल्याचा. त्यानं राख बाजूला सारली आणि तसाच, हात न धुता, आत जाऊन जेवायला बसला.