सूचीत न मावलेलं वाक्य

नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. मशीन एक, प्रिंटर एक आणि तोरा चार जणांना पुरेल एवढा. समाजाच्या मंडळाने वधू-वर सूची यंदा कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं, तेव्हा मी तोंड वर करून सांगितलं, "एक काना इकडचा तिकडे होणार नाही." हे बोलणं मला पुढे फार महागात पडलं.

फॉर्मात शेवटी 'इतर माहिती' अशी जागा होती. आमच्याकडे इतर माहिती म्हणजे नातलग. मामा सावद्याला, मावशी पहूरला, आत्याचे दीर शहाद्याला, चुलत्यांचे व्याही साक्रीला. पोरीबद्दल जे सांगायचं ते सगळ्यात शेवटी, तेही जागा उरली तर. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातले एक आबा पोस्टावर विश्वास न ठेवता फॉर्म स्वतः घेऊन आले. त्यांचेही नातलग चार-पाच ओळी होते आणि तळाला एक वाक्य होतं : 'मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, समक्ष बोलून खात्री करावी.' त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ताई, हाई बठ्ठास्ले दिसाले जोयजे. मांगून कोनी म्हनाले नको, आम्हले फसाडं."

"सगळ्यांना दिसेल, आबा. फसवलं असं कुणी म्हणणार नाही, निर्धास्त जा," मी म्हटलं.

टाइप करायला बसले आणि मशीनने छळ मांडला. माहितीचा रकाना मी प्रोग्राम देईल तेवढा मोठा घेतला होता, काना-मात्रा धरून अडीचशेच्या आसपास अक्षरांचा. तो भरला की मशीन टूं करायचं आणि कर्सर पुढच्या रकान्यात उडी मारायचा. माझी नजर कागदावर. त्यामुळे कुणाची मावशी टेलिफोन नंबरच्या जागी जाऊन बसायची, कुणाचे व्याही जन्मतारखेत. दोन दिवस मी मशीनला शिव्या घातल्या, पण ते का ओरडतंय हे पाहायला काही थांबले नाही. तिसऱ्या दिवशी युक्ती काढली. सगळा मजकूर एका साध्या फाइलीत टाइप केला आणि तिथून एकदम रकान्यांच्या तक्त्यात ओतला. टूं नाही, उडी नाही, स्क्रीनवर एक तक्रार नाही. मशीन ताळ्यावर आलं, असं मी धरून चालले. जे मावलं नाही ते त्याने मुकाट्याने टाकून दिलं होतं. फ्लॉपीत जागा हवी म्हणून ती साधी फाइल मी पुसूनही टाकली. तपासताना नोंदींच्या सुरुवाती तेवढ्या पाहिल्या. शेवट पाहायचा कंटाळा केला, हे कबूल करते.

प्रेसमध्ये छापलेली सूची घरोघर गेली आणि महिन्याने मंडळाचा वधू-वर मेळावा भरला. त्या दिवशी नव्या नोंदींसाठी मशीन सभागृहात आणलं होतं. टेबलाखाली फॉर्मांचं खोकं. माझ्या समोरच्याच रांगेत आबा, त्यांची मुलगी आणि जळगावहून आलेलं एक स्थळ बसलं होतं : मुलगा, त्याची आई आणि आत्या. आत्या मुलीच्या डाव्या हाताला बसली होती. तिने काहीतरी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, मोठ्याने. मुलीने सबंध चेहरा वळवला आणि म्हणाली, "काय म्हणालात?"

"ऐकू येत नाही का हिला?" आत्याने थेट आबांनाच विचारलं.

आबा शांत होते. "डावा कानथीन येत नही. लिखेल शे ना सूचीमा."

आत्याने सूची उघडली आणि मोठ्याने वाचू लागली. सावदा झालं, पहूर झालं, साक्री झालं. "मुलीला डाव्या," असं म्हणून ती थांबली. पान उलटलं, पुन्हा मागे आली. "डाव्या काय? पुढे काहीच नाही! अर्धं छापून घेता आणि वर लिहिलंय म्हणता?"

आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली. आबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. "मी लिखेल व्हतं. ताई, सांग यास्ले."

"प्रेसवाल्याने कापलं असणार," मी ठसक्यात म्हटलं. "थांबा, दाखवतेच." नोंद शोधली आणि स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला. तिथेही 'मुलीला डाव्या', आणि पुढे कोरं.

"आता कॉम्प्युटर खोटं बोलतो का?" आत्या म्हणाली. मागून कुणीतरी हसलं. मी गप्प बसले असते तर माझ्यावर काहीच येणार नव्हतं, आणि क्षणभर मी गप्प बसलेही. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

मग खोकं ओढलं. आबांच्या शिंदखेडा तालुक्याच्या गठ्ठ्यात फॉर्म नव्हता. पुन्हा पाहिला, नव्हताच. जळगावची मंडळी पिशव्या आवरू लागली. हाताने आणून दिलेल्या फॉर्मांचा वेगळा गठ्ठा तळाशी सापडला, त्याची गाठ सुटेना, मी दाताने सोडली. फॉर्म निघाला. तो आत्याच्या हातात देऊन मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आबांनी लिहिलं होतं. माझा रकाना अपुरा पडला आणि मी शेवट पाहिला नाही. चूक माझी आहे."

आत्याने वाक्य दोनदा वाचलं. "आबा, बोलायला चुकले मी," ती म्हणाली. पण मंडळी उठलीच. "कळवतो," असं मुलाची आई म्हणाली. या 'कळवतो'चा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. शब्द खरा ठरला, एवढं त्यांना पुरेसं होतं. मला मात्र रडू येत होतं.

दुपारी मॅन्युअलमधलं, मी न वाचता सोडलेलं प्रकरण उघडलं. लांब मजकुरासाठी वेगळ्या प्रकारचा रकाना असतो आणि त्याचा मजकूर वेगळ्या फाइलीत राहतो, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. रकाना बदलला. ती मुलगी खुर्ची घेऊन, मी तिच्या उजव्या हाताला येईन अशी बसली.

"आता कितीही मावेल," मी म्हटलं. "पूर्ण मजकुराच्या चिठ्ठ्या छापून घरोघर पाठवते, सूचीत चिकटवायला."

"कानाचं वाक्य सगळ्यात वर घ्या."

"अगं, आता शेवटीसुद्धा कापलं जाणार नाही."

"मशीन नाही कापणार," ती म्हणाली. "पण सूची घरोघर जाऊन महिना झाला, ताई. 'मुलीला डाव्या' एवढं तरी छापलेलं होतं ना? डाव्या काय, म्हणून एकाने तरी विचारलं?"

मी आबांकडे पाहिलं. ते सूचीच्या त्या पानाकडे पाहत होते. मग त्यांनी मान हलवली. मी नातलग खाली सरकवले आणि तिचं वाक्य वर टाइप केलं, या वेळी स्क्रीनकडे बघत.